तीन कंडम रायफलींची एक रायफल

नमस्कार मंडळी. धरमपेठेत व्याख्यान म्हटल्यावर मला वाटलं दहा-पंधरा जण येतील, इथं तर लोक मागे उभे राहून राहिले. कुलर जरा कमी करा हो भाऊ, माझा आवाज तेवढा उरला नाही आता, तीस वर्षं फायरिंग रेंजवर काढली की कान अन् गळा दोन्ही जातात. मी पोलिसात आर्मोरर होतो. म्हणजे बंदूक चालवणारा नाही, चालवणाऱ्याच्या हातात फुटू नये म्हणून बघणारा.

आधीच सांगून ठेवतो, हे काम कोतमध्ये, म्हणजे पोलिसांच्या शस्त्रागारात, सरकारी रजिस्टरवर, हुकमानं व्हायचं. घरी करायचं काम नाही हे. आर्म्स ॲक्ट १९५९, कलम ५, लायसन नसताना हत्यार बनवलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं आत. तेव्हा व्याख्यान संपल्यावर "काका, थोडं शिकवा ना" करत कोणी मागे येऊ नका.

तर थ्री नॉट थ्री. तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, बँकेच्या दारात, इलेक्शनच्या बूथवर, बंदोबस्तातल्या शिपायाच्या खांद्यावर. हिचं खरं नाव ली-एनफिल्ड. जेम्स पॅरिस ली नावाचा माणूस, स्कॉटलंडमध्ये जन्मला, कॅनडात वाढला, त्याचा बोल्ट, म्हणजे राऊंड आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा, अन् मॅगझिन, म्हणजे राऊंडची पेटी, आणि नळीच्या आतले आटे एनफिल्डच्या कारखान्याचे, म्हणून जोडनाव. आपल्याकडची बहुतेक मार्क थ्री, १९०७ च्या डिझाइनची, कोलकात्याजवळच्या इशापूरला बनलेली. पण कोतात इंग्लंडची निघायची, ऑस्ट्रेलियातल्या लिथगोची निघायची, आणि दर फायरिंगनंतर कुठला पार्ट कुठे गेला याचा हिशोब... जाऊ द्या.

मी नवा होतो तेव्हा आमच्या उस्तादांनी तीन कंडम रायफली टेबलावर टाकल्या. म्हणाले, यातून एक चांगली काढ. एकीची नळी नि बॉडी, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा, चांगली होती पण बोल्टच नव्हता, दुसरीचा बोल्ट चकचकीत पण नळीत खड्डे, तिसरीचं लाकूड तेवढं शाबूत. मला वाटलं हे काय काम आहे, अर्ध्या तासाचं. दुसरीचा बोल्ट पहिलीत घातला, हँडल खाली दाबलं आणि असा बसला ना, लोण्यासारखा! मी खूश. उस्तादांना म्हटलं, झाली. त्यांनी बोल्टकडे पाहिलंच नाही, खिशातून एक गेज, म्हणजे मापाचा तुकडा, काढलं आणि म्हणाले, हे ठेवून बंद कर.

आता इथं थोडं नीट ऐका, कारण सगळा खेळ हाच आहे. थ्री नॉट थ्रीच्या राऊंडला बुडाशी एक कड असते, रिम म्हणतात तिला. बोल्ट बंद केला की ही रिम नळीचं मागचं तोंड आणि बोल्टचं डोकं यांच्या मधे सापडते. ती जागा किती असावी? आमची दोन गेजं होती, एक ६४ थाऊचं अन् एक ७४ थाऊचं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पहिल्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर बंद व्हायलाच नको. दोघांतला फरक पाव मिलिमीटर, लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, तेवढाच. अन् त्या पाव मिलिमीटरच्या बाहेर गेलात की काय होतं, तर पिन मारल्यावर राऊंड थोडा पुढे ढकलला जातो, दारू पेटली की पुंगळीच्या, म्हणजे राऊंडच्या पितळी नळकांड्याच्या, भिंती फुगून नळीला चिकटतात, आणि बूड मात्र मागे रिकामी जागा आहे म्हणून मागे सरकतं. पितळ बिचारं ताणलं जातं. बुडाच्या थोडं वर एक चमकदार रिंग दिसते, आतून तिथं पितळ पातळ झालेलं असतं, आणि एखाद्या वेळी पुंगळी तिथंच तुटते, बूड बाहेर येतं अन् बाकीचं नळीत, आणि गरम गॅस शिपायाच्या डोळ्याकडे.

माझा लोण्यासारखा बोल्ट ७४ वाल्या गेजवर पण लोण्यासारखाच बंद झाला. गुळगुळीत का होता, कारण ढिला होता! मला इतकी लाज वाटली की काय सांगू. उस्ताद काही बोलले नाहीत, ड्रॉवरमधून एक जुनी पुंगळी काढून हातात दिली, रिंगवाली, म्हणाले खिळ्यानं आतून चाचपून बघ. खिळा त्या जागी अडकतो, खाच लागते. ते आजही बोटाला आठवतं.

मग उपाय काय, तर या रायफलीत बोल्टचं डोकं वेगळं असतं, स्क्रूनं बसतं. पत्र्याच्या डब्यात जुनी डोकी होती, तेलात बुडवलेली, एकेक बसवून गेज लावायचं. चवथं डोकं बसलं. पण तेवढ्यानं संपत नाही, कारण ली-एनफिल्डचे लग, म्हणजे बोल्टला बॉडीत अडकवून धरणारे खुंट, मागे असतात, जर्मन माऊझर रायफलीसारखे पुढे नाहीत, आणि बोल्टचे दोन्ही लग बॉडीला सारखे टेकले पाहिजेत. एकच टेकला तर धक्का एकाच बाजूनं जाईल. उस्तादांनी लगला निळा रंग लावला, बोल्ट बंद करून उघडला, डाव्या बाजूला रंग पुसला गेला, उजवीकडे जसाच्या तसा. म्हणजे पुन्हा दुसरा बोल्ट. तीन दिवस गेले माझे त्या अर्ध्या तासात.

लाकडाचं तर विचारूच नका. नागपूरचा मे महिना, पंचेचाळीसच्या वर पारा, लाकूड आवळतं आणि नळीला एका बाजूनं दाबतं. म्हणून इशापूरवाल्यांनी पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू टाकलेला असतो, फाटू नये म्हणून. मला वाटतं हा स्क्रू ज्यानं सुचवला तो आपल्याकडचाच कोणी असणार, पण याला पुरावा नाही, माझं आपलं मत.

पहिला राऊंड खांद्याला लावून मारायचा नाही. जुना ट्रकचा टायर, त्यात रायफल दोरीनं बांधायची, चापाला लांब सुतळी, आणि आपण वाळूच्या पोत्यांच्या मागे. सुतळी ओढली, धाड! पळत जाऊन पुंगळी काढली, रिंग नाही, बुडाच्या टिकलीवर, जिच्यावर पिन आपटली की दारू पेटते, पिनचा ठसा मधोमध. असे पाच. मग उस्ताद म्हणाले, आता खांद्यावर घे, मॅगझिननं मार.

तिसऱ्या राऊंडला बोल्ट अडकला. मी लगेच मॅगझिनला शिव्या घातल्या, तेही तिसऱ्याच रायफलीचं होतं ना. उस्तादांनी मॅगझिन काढून बघितलं अन् हसायला लागले. रिमवाले राऊंड भरताना प्रत्येक वरच्या राऊंडची रिम खालच्याच्या पुढे यावी लागते, मी घाईघाईत एक मागे भरला होता, दोन रिमा एकमेकींत अडकल्या. रायफल बरोबर होती, मीच कंडम निघालो!

नीट भरल्यावर दहाच्या दहा गेले, फक्त थोडे उजवीकडे. पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा, ठोकून सरकवली, झालं.

शेवटचं काम नंबरचं. प्रत्येक बोल्टवर त्याच्या बॉडीचा नंबर असतो, जुना आडव्या रेघेनं खोडून नवा पंच करायचा, म्हणजे उद्या कोणी पुन्हा बोल्टची अदलाबदल करणार नाही. हातोडा माझ्या हातात दिला. शेवटचा आकडा सात होता आणि पंच घसरला, सात तिरपा उठला. मी म्हटलं घासून परत मारतो. उस्ताद म्हणाले राहू दे, आता ही कोणाची आहे ते सगळ्यांना कळेल.