बाळाच्या शरीरावर हक्क कुणाचा?

श्रोतेहो, नमस्कार.

तुतिकोरिनच्या एका मंदिरात २०१८ साली एक लग्न लागलं. वधू ट्रान्सजेंडर होती, म्हणून निबंधकांनी विवाहाची नोंद नाकारली. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठापुढे गेलं. २२ एप्रिल २०१९ रोजी न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी लग्नाची नोंद करून घ्यायला सांगितलं, आणि त्याच निकालात आणखी एक आदेश दिला: इंटरसेक्स बाळांचं लिंग ठरवून टाकण्यासाठी होणाऱ्या शस्त्रक्रिया बंद करा. मला आज बोलायचंय ते या दुसऱ्या आदेशाबद्दल.

इंटरसेक्स म्हणजे आंतरलिंगी. जन्मतःच ज्यांची गुणसूत्रं, जननग्रंथी, संप्रेरकं किंवा बाहेरचे अवयव स्त्री-पुरुषांच्या ठरावीक साच्यात बसत नाहीत, अशी माणसं. काहींच्या बाबतीत हे सुईणीलाही दिसतं. काहींच्या बाबतीत मुलगी सोळा वर्षांची झाली तरी पाळी येत नाही, सोनोग्राफीत गर्भाशय दिसत नाही, तेव्हा कुठे उलगडा होतो. २०१९ च्या केंद्रीय कायद्याने त्यांना ट्रान्सजेंडर व्यक्तींच्याच व्याख्येत घातलं. संरक्षण मिळालं हे चांगलंच झालं. पण यातले कितीतरी जण स्वतःला निव्वळ बाई किंवा निव्वळ पुरुष मानतात, आणि तान्ह्या बाळाच्या ऑपरेशनबद्दल त्या कायद्यात स्पष्ट मनाई नव्हती.

घरात असं मूल जन्मलं की काय होतं? बारशाचा विषय कुणी काढत नाही. एकवीस दिवसांत जन्माची नोंद करायची असते, तिथे लिंग लिहावं लागतं. मग कुणीतरी वडीलधारं म्हणतं, 'आत्ताच करून टाका, मोठेपणी आठवणारही नाही.' हे प्रेमापोटीच म्हटलेलं असतं. पण त्या शस्त्रक्रियेने पुढे संवेदना जाऊ शकते, मूल होण्याची शक्यता संपू शकते, आणि आपण ज्याला मुलगी ठरवलं ते पुढे स्वतःला मुलगा म्हणू शकतं. कापलेलं परत जोडता येत नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्या, कारण घोळ इथेच होतो. सीएएच नावाचा एक विकार आहे. त्यात अ‍ॅड्रिनल ग्रंथीत काही संप्रेरकं पुरेशी तयार होत नाहीत. त्याच्या गंभीर प्रकारात बाळाच्या अंगातलं मीठ निघून जातं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच उलट्या होतात, बाळ मलूल पडतं, जिवावर बेततं. त्याला औषध ताबडतोब हवं, आणि ते जन्मभर घ्यावं लागतं. पण त्याच बाळाचे अवयव वेगळे दिसतात म्हणून लगेच सुरी चालवायची गरज सहसा नसते. जीव वाचवणं वेगळं, दिसणं 'दुरुस्त' करणं वेगळं.

तमिळनाडू सरकारने ऑगस्ट २०१९ मध्ये नेमकी हीच रेघ ओढली. जिवाला धोका असेल तरच शस्त्रक्रिया, आणि तो धोका आहे की नाही हे तज्ज्ञांची समिती ठरवणार. असं करणारं ते देशातलं पहिलं राज्य. माल्टाने त्याआधी २०१५ मध्येच कायदा केला होता. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या विषयावरच्या याचिकेवरून केंद्र सरकारला नोटीस काढली. महाराष्ट्रात एवढी मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तमिळनाडूसारखा शासन निर्णय इथेही निघायला हवा, आणि तो मागायला आपण लाजता कामा नये.

मोठेपणीही त्रास संपत नाही. तमिळनाडूच्याच शांती सौंदराजन यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्यपदक जिंकलं. लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं आणि त्यांच्या शरीराची चर्चा देशभर झाली. ज्या मुलीने काहीच चोरलं नव्हतं, तिला चोरासारखं वागवलं गेलं.

आई-वडिलांनो, डॉक्टरांना सरळ विचारा: हे ऑपरेशन आज केलं नाही, तर बाळाच्या जिवाला धोका आहे का? उत्तर लेखी मागा. 'नाही' असेल, तर थांबा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, बालरोगतज्ज्ञ आणि संप्रेरकतज्ज्ञ दोघांनाही भेटा. शेजाऱ्या-पाजाऱ्यांना काहीही सांगायला तुम्ही बांधील नाही. आणि सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये जपून ठेवा, मूल कळतं झालं की ती फाइल त्याच्या हातात द्या.