पोच

सकाळचे दहा. सिव्हिल लाइन्सच्या झाडांखाली सायकली लागल्यात. १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झालं. कचेऱ्या या शहराच्या अंगवळणी पडल्यात त्या तेव्हापासून.

लाल फडक्यात बांधलेली ही गाठोडी एका कार्यालयाच्या अभिलेख कक्षातली. वरच्या फळीला हात पुरत नाही, म्हणून शिपाईकाका स्टुलावर चढलेत.

एवढं दप्तर कशासाठी? जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी याचं उत्तर शोधलं. पहिल्या महायुद्धात हायडेलबर्गच्या लष्करी रुग्णालयांचा कारभार त्यांनी स्वतः पाहिला होता. टेबलापलीकडची खुर्ची त्यांना ठाऊक होती. सरदाराच्या मर्जीवर चालणाऱ्या कारभारात माणूस पाहून निकाल लागतो. नोकरशाहीत नियम लेखी, अधिकार पदाचा, नेमणूक पात्रतेवर, नोंद फाईलमध्ये. अर्जदार कुणाचा कोण, हे विचारायचं नाही. मर्जीतून सुटलेल्या माणसाला हे केवढं मोठं स्वातंत्र्य!

पण याच यंत्रणेची वेबरना धास्तीही होती. आधुनिक माणसाभोवती पोलादासारखं कठीण कवच तयार होतंय, असं त्यांनी लिहिलं. १९३० साली टॅल्कट पार्सन्स यांच्या इंग्रजी अनुवादात त्याचा 'लोखंडी पिंजरा' झाला.

खिडकीची ही जाळी. तिच्यातून आत गेलेला हात.

१९४० मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवलं, की नियम पाळता पाळता नियमच ध्येय होऊन बसतो. तो ज्या कामासाठी केला, ते मागे पडतं. या मावशी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आल्यात. "त्रुटी आहे." कोणती, ते लिहून मिळालेलं नाही. मुलीच्या प्रवेशाची तारीख गेली.

आता कपाटामागचा हा फलक पाहा. अर्धा झाकलेला. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. सेवांची यादी आणि मुदत दर्शनी भागात लावायची, असं हा कायदा सांगतो. अर्ज घेतला की पोच द्यायची, पोचवर क्रमांक घालायचा. मुदतीत काम करायचं, नाकारलं तर कारण लेखी द्यायचं. काम मुदतीत झालं नाही किंवा नाकारलं, तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. वेबरनी वर्णिलेली लेखी नोंद इथे अर्जदाराच्या हाती येते. पण पोचच नसेल, तर मुदत मोजायची कुठल्या दिवसापासून?

"दादा, पोच द्या नं."

बाबू मान वर करतात. कूलरची घरघर. ड्रॉवर उघडतो.

शिक्का.