निघण्याआधी विचारलेला प्रश्न

(दृश्य : कोपनहेगन, ख्रिश्चियनबोर्ग, डेन्मार्कचं संसद भवन)

शुक्रवार. युरोपीय व्यवहार समितीसमोर मंत्री बसलेत. ब्रुसेल्सला युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेत काय भूमिका घ्यायची, ते निघण्याआधी इथे सांगावं लागतं. 1973 पासूनचा हा रिवाज. समितीत सदस्य 17, पण डोकी मोजत नाहीत. प्रत्येकामागे त्याच्या पक्षाच्या जागांचं वजन धरतात. संसदेतल्या 179 पैकी 90 जागा विरोधात गेल्या, की भूमिका बदलणं आलं. पाठिंबा मिळवावा लागत नाही, बहुमत विरोधात नसलं की पुरे. अल्पमतातली सरकारं नेहमीचीच असलेल्या देशाला हे मानवतं.

भूमिका मांडायची तोंडीच. कागदावर आली, तर आपण कुठपर्यंत नमू हे इतर देशांना आधीच कळेल.

शिखर परिषदेआधी पंतप्रधानांनाही ही समिती चुकत नाही. मानवाधिकारांचा विषय मात्र या पकडीतून निसटतो. परराष्ट्र धोरणात युरोपीय संघाला बहुतेक वेळा एकमत लागतं. जून 2017 मध्ये जिनिव्हात, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत, संघाचं चीनवरचं निवेदन ग्रीसने अडवलं, 2021 मध्ये हाँगकाँगवरचं हंगेरीने. मग परतलेला कुठलाही नेता म्हणू शकतो, ‘आम्ही तयार होतो, बाकीचे अडले.’ बैठक बंद दाराआड झालेली, पडताळणार कसं?

म्हणून खरा प्रश्न निघण्याआधीचा : संघाचा सामायिक मसुदा अडला, तर आपण एकटे पुढे जाणार का? 1997 मध्ये फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन मागे सरले, तेव्हा डेन्मार्कने चीनवरचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगात स्वतः मांडला. ‘यावर कारवाईच नको’ हा चीनचा प्रस्ताव 27 विरुद्ध 17 मतांनी मंजूर झाला, 9 तटस्थ. मूळ ठराव मताला आलाच नाही.

नेता परतल्यावर त्याला ‘मानवाधिकारांचा मुद्दा काढलात का?’ असं विचारणं म्हणजे प्रश्न फुकट घालवणं. उत्तर ‘हो’च येणार. त्यापेक्षा विचारावं : कोणापाशी काढलात? चारचौघांत की खासगीत? तुरुंगातल्यांची नावं घेतलीत का? संयुक्त पत्रकात त्यातलं काय उरलं? एका वेळी एकच. दोन जोडले, की नेता सोपा तेवढा उचलतो.

डेन्मार्कच्या व्यवस्थेतही एक फट आहेच. परराष्ट्र धोरणातले महत्त्वाचे निर्णय राज्यघटनेनुसार वेगळ्या समितीपुढे जातात आणि तिथली गोपनीय माहिती बाहेर काढता येत नाही. आत ऐकलेलं सदस्याला माहीत असतं, पण उघड सभागृहात त्याच्या आधारे प्रश्न विचारायची सोय नसते.