वाकडी उभी राहते म्हणून ओरडू नका, आधी पुढे वाकवून बघा

माझ्याकडे येणाऱ्या आयांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "हिला किती वेळा सांगितलं नीट बस म्हणून, ऐकतच नाही," आणि ती पोरगी बिचारी मान खाली घालून उभी. तर आधी हे डोक्यातून काढा. जड दप्तर, एका कुशीवर झोपणं, मोबाईलवर वाकून बसणं, यातल्या कशानेच स्कोलिओसिस, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकणं, होत नाही. दहाव्या वर्षानंतर जो दिसतो त्यात बहुतेक वेळा कारण सापडतच नाही, कधी कधी घराण्यात असतो, एवढंच.

कणा नुसता बाजूला झुकत नाही बरं का, तो पिळला जातो, ओला टॉवेल पिळतो ना तसा, मणके फिरतात, त्यांच्यासोबत बरगड्या फिरतात आणि एका बाजूचा खवाटा वर येतो. बऱ्याचदा हे घरच्यांच्या आधी टेलरला कळतं, मापं घेताना.

घरी बघायचं तर मुलीला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, तळवे जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठीच्या लेव्हलला डोळे आणून बघा. एका बाजूला उंचवटा दिसला की डॉक्टरकडे. एक्सरे उभं राहूनच काढायचा, झोपून काढला तर बाक कमी दिसतो. त्यावर कॉब अँगल, म्हणजे कण्याचा बाक किती अंशांचा आहे ते, मोजतात, १० अंशांच्या आत असेल तर त्याला स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. आणि २२ चा २५ झाला म्हणून रडू नका, ५ अंशांपर्यंतचा फरक मोजण्यातलाच असू शकतो.

सगळा खेळ आहे तो वाढ किती शिल्लक आहे त्याचा. तेच २५ अंश सतरा वर्षांच्या मुलीत असतील तर मी फारसं काही करणार नाही, पण अकरा वर्षांची आहे, पाळी अजून आलेली नाही, तर मला झोप नाही. २५ ते ४० मध्ये आणि वाढ चालू असेल तर ब्रेस, म्हणजे धडाला घालायचा कडक पट्टा. ब्रेस कणा सरळ करत नाही, बाक वाढू देत नाही, हे आधीच सांगतो नाहीतर नंतर भांडायला येता. २०१३ साली अमेरिका-कॅनडातला एक अभ्यास आला, त्यात ब्रेस लावलेल्या ७२ टक्के मुलामुलींचा बाक वाढ थांबेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, न लावलेल्यांत ४८. गंमत म्हणजे ब्रेसमध्ये तापमान मोजणारं यंत्र होतं, त्यामुळे खोटं बोलायची सोय नाही, आणि दिवसाला सरासरी १३ तासांच्या वर घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या पुढे गेलं. म्हणून कपाटातल्या ब्रेसचे पैसे वाया.

व्यायाम करा, पोहा, खेळा, उसेन बोल्टलाही स्कोलिओसिस आहे. मालिशवाल्याकडून कडाकडा मोडून मात्र घेऊ नका. ५० च्या पुढे ऑपरेशनचं बोलावं लागतं, कारण असा बाक वाढ थांबल्यावरही हळूहळू वाढत राहतो.

आणि आया दबक्या आवाजात विचारतात, पुढे बाळंतपणाला अडचण येईल का. बहुतेकींना येत नाही हो. फक्त पाठीत इंजेक्शन द्यायची वेळ येईल तेव्हा भूलतज्ज्ञांना आधी सांगायचं, तेवढ्यासाठी हे एक्सरे जपून ठेवा.