मार खाऊन पुन्हा गोल: गोल्फच्या साहित्यातले पॉलिमर

गोल्फचे तीन चेंडू मुद्दाम करवतीने मधोमध कापून आणले आहेत. मी बोलत असताना ते रांगांमधून फिरू द्या. नखाने टोचून बघा, कडा चाचपून बघा. पहिला जुन्या पद्धतीचा आहे. त्याच्या आत रबरी धाग्यांचा गुंता दिसेल. कापताना हे धागे ताणातून सुटून फटाफट बाहेर उसळतात, म्हणून तो काप जरा विस्कटलेला आहे. दुसऱ्यात एक मोठा गोळा आणि त्यावर टणक पांढरे कवच. तिसऱ्यात तसाच गोळा, त्यावर एक मधला थर, आणि सगळ्यात बाहेर एक मिलिमीटरहूनही पातळ असा पापुद्रा. आज मला जे सांगायचे आहे ते या तीन कापांत आलेले आहे. गोल्फचे साहित्य टिकाऊ झाले ते कुणाला एखादा अजिंक्य पदार्थ सापडला म्हणून नव्हे, तर एकट्या पदार्थावर टाकलेले ओझे तीन-चार पदार्थांत वाटून दिले म्हणून.

आधी मार किती बसतो ते पाहू. चांगला खेळाडू ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, साधारण ताशी 160 किलोमीटर वेगाने फिरवतो आणि चेंडू सुमारे ताशी 240 किलोमीटर वेगाने सुटतो. क्लब आणि चेंडू एकमेकांना चिकटलेले असतात तो काळ जेमतेम अर्धा मिलिसेकंद. साधे भौतिकशास्त्र लावले तर या वेळात चेंडूवर सरासरी सव्वासहाशे किलो वजनाइतके बळ येते, आणि ऐन मधल्या क्षणी त्याहून बरेच जास्त. चेंडू चक्क चेपतो. चेपलेला चेंडू लगेच उलटा उसळला पाहिजे, आणि दाबताना घातलेली ऊर्जा आत उष्णता होऊन वाया जाता कामा नये. नुसता न फुटणारा पदार्थ हवा असता तर काम सोपे होते. न फुटणारे पुष्कळ पदार्थ ऊर्जा गिळून बसतात.

तोच चेंडू थोड्या वेळाने वेजने, म्हणजे जवळच्या फटक्यांच्या क्लबने, मारला जातो. वेजच्या तोंडावर धारदार खाचा असतात. इथे खेळाडूला लांबी नको असते, फिरकी हवी असते, म्हणजे चेंडू हिरवळीवर पडून थांबेल. त्यासाठी आवरण इतके मऊ हवे की खाचांनी ते पकडावे. पण खाचांना पकडू देणारे आवरण खाचांनी सोलूनही निघते. गोल्फच्या चेंडूचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे या भांडणाचा इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून चेंडू करत. पावसात भिजला की त्याची शिवण उसवायची. 1848 च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये गटापर्चाचे चेंडू आले. त्याचे श्रेय सहसा सेंट अँड्र्यूजच्या रॉबर्ट पॅटरसन यांना दिले जाते. गटापर्चा हा मलाया द्वीपसमूहातल्या झाडांचा वाळवलेला चीक. तुमच्यापैकी कुणाचे रूट कॅनाल झाले असेल तर तो या क्षणी तुमच्या दातात आहे. समुद्राखालच्या पहिल्या तारायंत्राच्या केबलींनाही त्याचेच वेष्टण होते.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी इथे कान द्यावा. रबर आणि गटापर्चा दोन्ही पॉलिमर, म्हणजे आयसोप्रीन या छोट्या रेणूच्याच लांब साखळ्या. फरक एवढाच की रबरात साखळीचे दुवे 'सिस' ठेवणीचे असतात आणि गटापर्चात 'ट्रान्स'. सिस ठेवणीमुळे साखळी वेडीवाकडी राहते, शेजारणीशी नीट जुळत नाही, म्हणून रबर लवचीक. ट्रान्स साखळ्या सरळ असल्यामुळे एकमेकींना लागून रचल्या जातात, स्फटिक बनतात, म्हणून गटापर्चा साध्या तापमानाला टणक. मूलद्रव्ये तीच, प्रमाण तेच, आणि एक पदार्थ ताणला जातो तर दुसऱ्याने टाळू फुटावी.

गटापर्चाचा चेंडू गरम पाण्यात मऊ होई. ठेचाळला की पाण्यात टाकायचा, हाताने वळायचा, पुन्हा खेळायचा. दुरुस्तीच्या दृष्टीने इतका सोयीचा चेंडू पुन्हा झाला नाही. पण थंडीत तो ठिसूळ होऊन हवेतच फुटायचा; फुटलेल्या चेंडूचे काय करायचे याची नियमांत तरतूद करावी लागली होती. त्याचा एक दोष मात्र फारच फलदायी ठरला. गुळगुळीत नवा चेंडू लवकर खाली येई आणि ओरखडे पडलेला जुना लांब जाई. मग लोक नवे चेंडू हातोडीने टोचून विकू लागले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातून आजचे खळगे आले. हवेचा प्रवाह चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो आणि मागे ओढणारे बळ घटते, हे कारण नंतर समजले.

1898 मध्ये अमेरिकेत कोबर्न हॅस्केल यांनी ताणलेला रबरी धागा गाभ्याभोवती गुंडाळून चेंडू केला. तुमच्या हातातला पहिला काप त्याच घराण्यातला. 1902 ची ब्रिटिश ओपन स्पर्धा सँडी हर्ड यांनी हॅस्केल चेंडूने जिंकली आणि गटापर्चाचे दिवस भरले. पुढे या गुंडाळलेल्या चेंडूला बलाटाचे आवरण आले. बलाटासुद्धा झाडाचा चीकच, ट्रान्स जातीचा, पण मऊसर. निष्णात खेळाडू त्याच्यावर जीव टाकत, कारण फिरकी सुरेख मिळे. हौशी खेळाडूचा फटका जरा चुकला की लोखंडी क्लबची कड आत घुसून आवरणावर अर्धचंद्राकृती चीर पडे आणि चेंडू बाद. माझे मत विचाराल तर बलाटाला टिकाऊ म्हणणे कठीण आहे. त्याला दशकानुदशके सांभाळून घेतले गेले, इतकेच.

1960 च्या दशकात ड्यूपाँट कंपनीने आयनोमर बाजारात आणले. सरलिन हे त्याचे व्यापारी नाव. आजच्या सगळ्या यादीत मला हा पदार्थ सर्वांत देखणा वाटतो. पॉलिइथिलीनची साखळी घ्यायची, तिच्यात अधूनमधून मेथॅक्रिलिक आम्लाचे गट बसवायचे आणि त्यातले काही गट सोडियम किंवा जस्ताच्या आयनांनी उदासीन करायचे. हे विद्युतभारित गट तेलकट साखळीत एकटे राहत नाहीत. एकत्र येऊन छोटे पुंजके करतात, आणि निरनिराळ्या साखळ्या त्या पुंजक्यांत अडकतात. टिचबटणासारखे आहे हे: गरम केले की उघडते, गार झाले की पुन्हा लागते. रबर एकदा पक्के केले की ते पुन्हा वितळत नाही. आयनोमर मात्र वितळवून साच्यात सोडता येतो, आणि थंड झाल्यावर आडवे बंध असल्यासारखा चिवट राहतो. सोडियम आणि जस्त या दोन जातींचे मिश्रण एकेकट्या जातीपेक्षा सरस निघते, हे चेंडूवाल्यांनी लवकर हेरले.

आता दुसरा काप घ्या आणि त्याचे पांढरे कवच नखाने ओरबाडायचा प्रयत्न करा. काही होणार नाही. आतल्या गोळ्यावर मात्र नख थोडे रुतेल. तो पॉलिब्युटाडाइन, आणि खरा उसळणारा तोच. त्याच्या साखळ्या उणे शंभर अंश सेल्सिअसच्या आसपासपर्यंत थिजत नाहीत, त्यामुळे साध्या हवेत त्या अगदी मोकळ्या हलतात आणि घेतलेली ऊर्जा जवळपास सगळी परत करतात. पेरॉक्साइड आणि झिंक डायअॅक्रिलेट घालून, साच्यात उष्णता व दाब देऊन त्या बांधल्या जातात. झिंक डायअॅक्रिलेट वाढवले की गोळा कडक, कमी केले की मऊ.

एक हिशेब इथेच करू. नियमाप्रमाणे चेंडू 45.93 ग्रॅमहून जड आणि 42.67 मिलिमीटरहून लहान चालत नाही. या दोन आकड्यांवरून घनता येते घन सेंटिमीटरला सुमारे 1.13 ग्रॅम. पॉलिब्युटाडाइनची घनता जेमतेम 0.9. म्हणजे नुसत्या रबराचा चेंडू पाण्यावर तरंगेल आणि हवेत लवकर दम तोडेल. म्हणून गाभ्यात झिंक ऑक्साइड किंवा बेरियम सल्फेटची पूड मिसळतात. ती चेंडूला वजन देते, उसळी नाही. म्हणून ती किती घालायची, गाभ्यात घालायची की बाहेरच्या थरात, यावर बरीच डोकेफोड चालते.

आयनोमरच्या कवचाने टिकाऊपणाचा प्रश्न सोडवला, पण फिरकी गेली. खाचांना धरायला काही मिळेना. चिकटपणाने बलाटा वापरत राहिलेले व्यावसायिक खेळाडू हेकट नव्हते; त्यांची तक्रार रास्त होती. तोड निघाली ती पॉलियुरेथेनमधून. याच्या साखळीत मऊ आणि कडक असे तुकडे आळीपाळीने येतात. मऊ तुकडा दबतो आणि सरकतो, कडक तुकडे एकत्र जमून फाटू देत नाहीत. 2000 साली आलेल्या टायटलिस्टच्या प्रो व्ही वनने हे पॉलियुरेथेन भरीव गाभ्यावर, मध्ये आयनोमरचा थर ठेवून बसवले. त्यानंतर धाग्यांचे चेंडू मोठ्या स्पर्धांतून फार झपाट्याने नाहीसे झाले.

तिसरा काप ज्यांच्या हातात आहे त्यांनी तो पापुद्रा बघावा. वेजचा फटका बसतो तेव्हा हा मऊ पापुद्रा पोलादी खाचा आणि खालचा कडक आयनोमर यांच्यात चिमटला जातो, आणि फिरकी तिथे जन्मते. ड्रायव्हरच्या फटक्यात सगळा चेंडूच दबतो, तेव्हा पापुद्र्याला फारसे काम उरत नाही, गाभा बोलतो. एकाच चेंडूचे दोन स्वभाव असतात ते असे.

हा पापुद्रा बसवणे मात्र जिकिरीचे. ओतीव पॉलियुरेथेन साच्यात दोन द्रवांच्या अभिक्रियेतून तयार होते. मिश्रण फार पातळ असताना गाभा ठेवला तर तो मध्यावर राहत नाही, आणि उशीर केला तर मिश्रण घट्ट होऊन हवा कोंडते. मधली वेळ नेमकी साधावी लागते. गाभा केसभर सरकला तरी एका बाजूचे आवरण जाड होते, आणि असा चेंडू पटिंगला, म्हणजे हिरवळीवर भोकाकडे घरंगळवताना, सरळ जात नाही. शिवाय या द्रवांपैकी एक आयसोसायनेट; त्याच्या स्वस्त, अॅरोमॅटिक (बेंझिनसारखे कडे असलेल्या) जातीपासून केलेले पॉलियुरेथेन उन्हाने पिवळे पडते, म्हणून त्यावर रंगाचा आणि पारदर्शक लेपाचा थर लागतोच.

बाकीचे साहित्य भराभर घेतो. ग्रिपला, म्हणजे क्लबच्या मुठीला, मार नसतो; तिचे शत्रू म्हणजे घाम, त्वचेचे तेल, ऊन आणि हवेतला ओझोन. नैसर्गिक रबराच्या साखळीतले दुहेरी बंध ओझोन तोडतो, म्हणून त्यात इपीडीएम हे कृत्रिम रबर मिसळतात. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नसतात. काळ्या ग्रिपा जास्त टिकतात कारण काजळी अतिनील किरण शोषते. शाफ्टमध्ये, म्हणजे क्लबच्या दांड्यात, ताकद कार्बन तंतूंची, पण तंतूंना एकत्र धरून भार एकाकडून दुसऱ्याकडे नेणारे इपॉक्सी नसेल तर ती निव्वळ सुतांची जुडी. लांबीच्या दिशेचे तंतू वाकणे आवरतात, तिरपे तंतू पिळवटणे. पोलादी शाफ्ट दिसेल इतका वाकतो, पण कार्बनचा शाफ्ट आतून दुखावलेला असून बाहेरून नवा दिसू शकतो, म्हणून पिशवीत घासून खोल चरा पडला असेल तर तो शाफ्ट निमूटपणे बदलावा. आणि क्लबचे डोके शाफ्टला धरून असते ते पुन्हा इपॉक्सीनेच. कारागीर शाफ्ट काढताना तो सांधा तापवतात. उन्हात बंद मोटारीच्या डिकीत क्लब ठेवणारे तेच काम हळूहळू करत असतात.

एक चिठ्ठी आली आहे: तळ्यातून काढलेले जुने चेंडू खेळायला चालतात का? सरावाला चालतात. आवरण चकचकीत दिसले तरी पाण्याची वाफ पॉलिमरमधून झिरपते, आणि पॉलिब्युटाडाइनच्या गाभ्यात पाणी शिरले की उसळी उतरते. पॉलियुरेथेन वाफ जास्त जाऊ देते, आयनोमर कमी, त्यामुळे मधला आयनोमर थर गाभ्याची छत्रीही आहे. किती नुकसान झाले ते पाण्यात काढलेल्या काळावर ठरते, आणि तो चेंडूवर लिहिलेला नसतो.

समुद्रात पडलेल्यांचे काय, असेही त्यात विचारले आहे. कॅलिफोर्नियात पेबल बीचच्या परिसरात किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावरून बुडी मारणाऱ्या माणसांनी पन्नास हजारांवर चेंडू बाहेर काढले. त्याचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. लाटा आणि वाळू आवरण झिजवतात, त्याचे कण पाण्यात जातात, आणि मग गाभा उघडा पडतो, ज्यात मघाशी सांगितलेली जस्ताची संयुगे आहेत. पाण्यात विरघळून जाणारे चेंडूही निघाले आहेत, मुख्यतः जहाजाच्या डेकवरून समुद्रात मारण्यासाठी. पण ते साध्या चेंडूइतके लांब जात नाहीत, आणि पावसात खेळायला तर मुळीच नाहीत.