सीझर रॉडनी आणि डेलावेअरचे तिसरे मत

नमस्कार. अमेरिकेने १९९९ साली डेलावेअर राज्यासाठी काढलेल्या २५ सेंटच्या नाण्यावर घोडा फेकत निघालेला एक स्वार दिसतो. हे सीझर रॉडनी, १७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या ठरावावर मत देणारे डेलावेअरचे प्रतिनिधी. चेहरा मात्र कलाकाराच्या कल्पनेतला आहे, कारण रॉडनी यांचे खात्रीचे एकही चित्र उपलब्ध नाही. काँग्रेसमधले त्यांचे सहकारी जॉन अ‍ॅडम्स यांनी रोजनिशीत ‘उंच, वेताच्या काठीसारखे सडपातळ, चेहरा मोठ्या सफरचंदाएवढा’ अशा आशयाचे जे वर्णन केले आहे, त्यावरच आपल्याला भागवावे लागते.

१७२८ मध्ये डोव्हरजवळच्या एका जमीनदार घराण्यात जन्मलेले रॉडनी केंट परगण्याचे शेरीफ, मिलिशियाचे, म्हणजे गावोगावच्या नागरिकांतून उभारलेल्या सैन्याचे, अधिकारी आणि पुढे विधिमंडळाचे सभापती झाले. १७७६च्या जूनअखेरीस डेलावेअरमध्ये राजनिष्ठांनी, म्हणजे ब्रिटिश राजाच्या समर्थकांनी, डोके वर काढले होते आणि रॉडनी तेथेच होते.

इकडे फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या १३ ब्रिटिश वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, स्वातंत्र्याचा ठराव मतास आला. तेथे मत सदस्याचे नव्हे, तर वसाहतीचे मोजले जाई. १ जुलैला डेलावेअरचे हजर प्रतिनिधी दोनच होते: टॉमस मकीन ठरावाच्या बाजूचे, जॉर्ज रीड विरोधातले, साहजिकच वसाहतीचे मत कोणत्याच बाजूला पडेना. मकीन यांनी तातडीने निरोप धाडला. दमा आणि चेहऱ्यावरचा कर्करोग अंगावर वागवणारे रॉडनी गडगडाटी पावसात सुमारे १३० किलोमीटर कापून २ जुलैला पोहोचले आणि त्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिले. ते घोड्यावरून आले की गाडीतून, याविषयी नाणे जितके ठाम आहे तितका पुरावा ठाम नाही.

त्यांच्यावाचून ठराव पडला असता, ही समजूत मात्र मला पटत नाही. आदल्या दिवशीच ९ वसाहती अनुकूल होत्या; प्रश्न एकजुटीचा होता. अखेर १२ वसाहतींनी होकार दिला, विरोधात एकही नाही, आणि न्यूयॉर्क तटस्थ राहिले.

या मताची किंमत त्यांना घरीच मोजावी लागली: राज्यघटना समितीच्या निवडणुकीत केंटच्या मतदारांनी त्यांना नाकारले. त्यांनी मिलिशियाचे काम सोडले नाही, १७७७च्या जानेवारीत ते ट्रेंटनला कामगिरीवर होते आणि १७७८ ते १७८१ या काळात ते डेलावेअरचे अध्यक्ष, म्हणजे राज्याचे प्रमुख, होते. जून १७८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

१७६०च्या दशकात गुलामांच्या आयातीवर बंदी आणण्याचा प्रयत्न करणाऱ्या रॉडनी यांच्या स्वतःच्या मळ्यावर गुलामच राबत. विल्मिंग्टनमधला त्यांचा अश्वारूढ पुतळा २०२० मध्ये याच वादात चौथऱ्यावरून उतरवण्यात आला.