तुटक रेषेचं माप

[दृश्य: बडोदा, मकरपुरा जीआयडीसी. लेथशेजारी क्लिपला टांगलेलं ड्रॉइंग, कोपऱ्यावर तेलाचे डाग. कॅमेरा रेषांवर सरकतो.]

या कागदावर शब्द फार थोडे आहेत. टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा कारागीर, वाचतो ते रेषा. जाड, अखंड रेषा म्हणजे समोर दिसणारी कड. तुटक रेषा म्हणजे डोळ्यांआडची, जॉबच्या (घडवायच्या भागाच्या) पोटातली कड. लांब-आखूड-लांब अशी बारीक साखळी म्हणजे सेंटर लाइन. तिथे धातूची कड नसतेच, फक्त अक्ष असतो. आणि त्याच साखळीची टोकं जाड केली, की ती सांगते: इथून कापून आत बघा.

भारतीय मानकाच्या एसपी 46 या ड्रॉइंगविषयीच्या पुस्तकात अशा रेषांचा तक्ताच आहे, ए ते के. दोन रेषा एकावर एक आल्या तर कोणती दाखवायची, हेही ठरलेलं: दिसणारी कड पहिली, मग लपलेली, मग छेदाची रेषा, सेंटर लाइन त्याहून मागे.

[दृश्य: कलाभवनाची इमारत. पायऱ्यांवर विद्यार्थी.]

या शहरात तंत्रशिक्षण जुनं आहे. 1890 मध्ये महाराज सयाजीराव गायकवाडांनी कलाभवन काढलं. दादासाहेब फाळके इथेच शिकले. आज ते महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखेत सामावलेलं आहे. संगणक येईपर्यंत ड्रॉइंग शिकणं म्हणजे हात बसवणं. ट्रेसिंग पेपरवर शाईनं तुटक रेषा मारताना प्रत्येक तुकडा सारखा आला पाहिजे, आणि चुकला तर ब्लेडनं खरवडा.

[दृश्य: दांडिया बाजारातलं छोटं ड्राफ्टिंग ऑफिस. स्क्रीनवर फ्लँज.]

1982 साली ऑटोकॅड हे संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर आलं आणि तुकडे मोजणं संपलं. निदान तसं वाटलं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. संगणक तुटक रेषा तुकड्यातुकड्यांनी साठवत नाही. तो साठवतो एकच सरळ रेषा आणि सोबत एक नियम. रांगोळीची नळी कशी, भोकं एकदाच पाडलेली आणि फिरवत नेलं की नक्षी उमटत जाते, तसा.

[दृश्य: स्क्रीनवर साधी मजकूर फाइल उघडते. आकडे मोठे होतात.]

हा नियम डॉट-लिन फाइलमध्ये असतो, आणि ती नोटपॅडमध्येसुद्धा उघडते. पहिल्या ओळीत तारांकन आणि नाव. दुसरी ओळ ए अक्षरानं सुरू होते, पुढे नुसते आकडे. अधिक आकडा म्हणजे पेन खाली, उणे म्हणजे पेन वर, शून्य म्हणजे ठिपका. मिलिमीटरच्या फाइलमधल्या हिडन लाइनची, म्हणजे लपलेल्या कडेच्या तुटक रेषेची, ओळ अशी: 6.35, उणे 3.175. इंचांच्या फाइलमध्ये हीच रेषा 0.25, उणे 0.125. नाव तेच, माप 25.4 पट लहान.

आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो.

[दृश्य: शिकाऊ मुलगी स्क्रीनकडे बोट दाखवते. शेजारी ज्येष्ठ ड्राफ्ट्समन.]

"काका, मी हिडनच लावलीय, पण सरळच दिसतेय."
"अगं, आधी एलटीस्केल किती आहे ते बघ."

एलटीस्केल म्हणजे सगळ्या ड्रॉइंगमधली नक्षी लहान-मोठी करणारा गुणक. ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये आणि रेषा इंचांच्या फाइलमधून आली, तर तुकडा पाव मिलिमीटरचा होतो. डोळ्याला ती अखंडच दिसते. हा झाला फार बारीक नक्षीचा प्रकार. गंमत म्हणजे उलट टोकालाही हेच घडतं. एलटीस्केल फार वाढवला, की छोट्या रेषेत नक्षीचा एक फेराही मावत नाही, आणि सॉफ्टवेअर मुकाट्यानं ती अखंड काढतं. दोन विरुद्ध कारणं, दिसणं एकच. म्हणून आकडा वाढवायचा की कमी करायचा, हे नुसतं बघून कळत नाही. झूम करून बघा: तुकडे दिसू लागले तर नक्षी बारीक आहे, नाही दिसले तर बहुधा मोठी.

कागदावरचा हिशेब वेगळा. जॉब स्क्रीनवर खऱ्या मापात काढलेला असतो. तो 1:5 नं छापला, की 6.35 चा तुकडा कागदावर 1.27 मिलिमीटरचा उरतो. एकाच शीटवर 1:5 चा मुख्य देखावा आणि 1:1 चा डिटेल असेल, तर एकच रेषा दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसणार. पीएसएलटीस्केल ही सेटिंग 1 ठेवली आणि रिजेन, म्हणजे चित्र पुन्हा काढायची आज्ञा दिली, की लेआउटवर (छापायच्या पानावर) दोन्हीकडे तुकडे सारखे येतात.

वक्र पॉलिलाइनचा, म्हणजे अनेक रेषाखंड सांधून केलेल्या एका रेषेचा, त्रास निराळाच. तिथे नक्षी प्रत्येक सांध्यापाशी नव्यानं सुरू होते. सांधे जवळजवळ असले, की वक्र पुन्हा अखंड. त्यावर उपाय पीलाइनजेन ही सेटिंग, ती 1 करायची.

[दृश्य: लेअरची यादी. एकेका लेअरचा रंग आणि रेषा बदलते.]

जाडीचं गणित मात्र सुंदर आहे. 0.18, 0.25, 0.35, 0.5, 0.7 मिलिमीटर. प्रत्येक पायरी आधीच्या सुमारे 1.4 पट, म्हणजे दोनच्या वर्गमूळाइतकी. ए3 चा ए2 करताना कागदाची बाजूही तितक्याच पटीनं वाढते, त्यामुळे मोठ्या केलेल्या प्रतीतली रेषा नेमकी पुढच्या पेनच्या जाडीला येते.

रेषेचा प्रकार आणि जाडी लेअरला, म्हणजे ड्रॉइंगच्या थराला द्यावी, रेषेला बायलेअर (लेअरचं असेल तेच) ठेवावं. एकेका रेषेला हातानं प्रकार लावणाऱ्याची फाइल दुसऱ्यानं दुरुस्त करणं ही शिक्षाच असते. पूर्वीच्या प्लॉटरमध्ये खरी पेनं बसवलेली असत, अमुक रंग म्हणजे अमुक पेन. ती पेनं गेली, पण रंगावरून जाडी ठरवणारी सीटीबी फाइल अजून चालू आहे.

[दृश्य: पाइपिंगचं ड्रॉइंग. मधेमधे अक्षरं असलेली रेषा.]

कोयलीची रिफायनरी जवळ असल्यानं बडोद्यात पाइपिंगची ड्रॉइंगं भरपूर. गॅसच्या लाइनमध्ये अक्षरं गुंफलेली असतात, कुंपणाच्या रेषेत चौकोन किंवा गोल. साधी तुटक रेषा एकदा लोड झाली, की ड्रॉइंगच्या फाइलबरोबरच जाते. कुंपणाचे आकार मात्र वेगळ्या एसएचएक्स फाइलमधून येतात, आणि जाडीची सीटीबीसुद्धा वेगळीच राहते. नुसती डीडब्ल्यूजी, म्हणजे ड्रॉइंगची फाइल, मेलनं पाठवली, तर पलीकडे चौकोन गायब आणि सगळ्या रेषा एकाच जाडीच्या छापल्या जाऊ शकतात. इथले ड्राफ्ट्समन त्यासाठी ईट्रान्समिट या आज्ञेनं सगळं एका झिपमध्ये बांधतात, आणि वर्कशॉपला पीडीएफच देतात.